पिशवीतली नववी वस्तू

आजवर मी जे काही लिहिले ते कार्यालयीन अहवालांच्या स्वरूपाचे होते, आणि ते वाचणारे साहेब सही करण्यापुरतेच वाचत असत. अशा व्यक्तीने दिवाळी अंकाच्या वाचकांसमोर येणे हा आगाऊपणा आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. संपादकांना मी दोनदा नकार कळवला. तिसऱ्या पत्रात त्यांनी एवढेच विचारले, की तुम्ही जे पाहिले ते दुसऱ्या कोणी पाहिले आहे काय? ते पत्र वाचून मी लिहायला बसले. लेखनात काही उणे आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. मात्र ज्या एका चुकीसाठी हे लिहिणे आहे, ती कोणी सांभाळून घ्यावी अशी माझी अपेक्षा नाही.

गृहविज्ञानाची पदव्युत्तर पदवी मी परभणीतच मिळवली आणि लग्नानंतर ती ट्रंकेत, शालूच्या घडीखाली, एकोणीस वर्षे ठेवून दिली. पहिली नोकरी लागली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. त्र्याण्णव सालच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादकडची गावे मातीला मिळाली होती. आमच्या जिल्ह्यात त्या पहाटे भिंतींना तडे गेले, उतरंडी कोसळल्या आणि माणसांची झोप उडाली. लोक पुढे कित्येक आठवडे अंगणात आणि खळ्यावर निजत होते. त्या दिवसांत एका योजनेखाली घरोघर जाऊन बायकांशी बोलू शकतील अशा शिकलेल्या स्त्रिया हव्या होत्या. मुलाखतीत मला विचारण्यात आले, लोकांसमोर बोलता येते ना? मी मान हलवली. ती नेमकी कोणत्या दिशेने हलली हे माझे मलाही सांगता येणार नाही, पण त्यांनी तो होकार धरला.

काम समजायला सोपे होते. प्रत्येक घराने एक पिशवी भरून तयार ठेवायची. घर सोडून पळावे लागले, किंवा घरातच अडकून पडावे लागले, तर पहिले दोन-तीन दिवस त्या पिशवीवर निघाले पाहिजेत. पिशवी खताच्या रिकाम्या पोत्याची शिवायची, कारण ते पोते भिजत नाही आणि फाटत नाही. तिच्यात नऊ वस्तू. पाण्याचा डबा, आठवड्याला पाणी बदलायचे. गूळ आणि शेंगदाणे. बॅटरी, जिला आम्ही कागदोपत्री विजेरी म्हणत असू. काडेपेटी आणि मेणबत्ती, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. जखमेसाठी कापूस, पट्टी आणि औषध. रेशनकार्ड आणि सातबारा यांच्या नकला. दहा हात दोरी. जुनी चप्पल, हिच्यावर सर्वांत जास्त हसू यायचे, पण फुटक्या कौलांवरून अनवाणी पळून पाहिल्याखेरीज चपलेचे मोल कळत नाही. आणि नववी वस्तू, शिट्टी. ढिगाऱ्याखाली धुळीने घसा बसतो, आवाज फुटत नाही. श्वास मात्र शेवटपर्यंत असतो, आणि शिट्टीला तेवढा पुरतो.

ताडकळसच्या बाजूची काही गावे माझ्याकडे आली. तिथे थोड्याच दिवसांत मला ‘पिशवीवाल्या बाई’ हे नाव पडले. बसमधून उतरले की कोणीतरी विचारायचे, "काय बाई, आज पुना जमीन हालायलीय का?" मला हजरजबाबी उत्तर कधीच सुचले नाही, सुचले ते घरी परतल्यावर सुचले.

शिकवणे वेगळे आणि घरात जाऊन पाहणे वेगळे, हे मला पहिल्या महिन्यातच कळले. एका गृहस्थांनी पिशवी अगदी यादीबरहुकूम भरली होती. मी ती पाहायला मागितली तेव्हा त्यांच्या पत्नीने सांगितले, की ती ट्रंकेत आहे, ट्रंकेला कुलूप आहे, किल्ली यांच्या करगोट्याला आहे आणि हे शेतात आहेत. मी म्हटले, जमीन हादरली तर? त्या शांतपणे म्हणाल्या, "बोलावून आनू की."

दुसऱ्या घरी एका आजींनी आपली पिशवी मोठ्या अभिमानाने माझ्यासमोर ठेवली. मी चार बायकांदेखत ती उघडली. आत कोरे लुगडे, गंगाजलाचा तोंड झाळलेला गडू, सोन्याचा मणी आणि चंदनाचा तुकडा होता. मी चकित होऊन पाहू लागले तेव्हा आजींनी मलाच समजावले. भूकंपाच्या गावात माणसांना एकत्र जाळावे लागले, तोंडात पाणी घालायलाही कोणी उरले नाही, असे त्यांच्या कानावर आले होते. संकटाची पिशवी म्हणजे दुसरे काय असणार? मी गाठ पुन्हा बांधून दिली.

पण मला खरा धक्का बसला तो त्याच गावच्या बौद्धवाड्यात. तिथे गयाबाई नावाची पन्नाशीची बाई होती, शेतमजुरी करणारी. मी नेहमीप्रमाणे यादी वाचून दाखवली. गयाबाईंनी ती पुरी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "आमची हाय की, बाई." त्या उठल्या आणि दाराच्या चौकटीतल्या खुंटीवरून एक गाठोडे काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. पोरांचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड, काडेपेटी, लोटा, भाजलेल्या शेंगा, एक लुगडे. शेंगा ताज्या होत्या.

मी विचारले, हे कोणी शिकवले तुम्हाला?

"अठ्ठ्याहत्तर सालानं," गयाबाई म्हणाल्या. "नामांतराच्या वक्ताला घर जाळलं आमचं. आंगावरच्या कापडानिशी पळालो. पोराचे दाखले जळाले, मंग वरीसभर शाळेत घेईनात त्याला. तवापासून गाठोडं दाराला हाय. शेंगा तेवढ्या बदलीत ऱ्हाते."

माझ्या यादीत संकट जमिनीखालून येत होते. त्यांच्याकडे ते पायांनी चालत आले होते. अठ्ठ्याहत्तर साली मी परभणीत होते, लग्न होऊन चार वर्षे झालेली. त्या दिवसांत आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि रेडिओचा आवाज बारीक केला होता, एवढेच मला आठवते. गयाबाईंना मी हे सांगितले नाही. मात्र ‘पिशवी दाराशी, खुंटीला’ हे वाक्य मी त्या दिवसापासून प्रत्येक गावात सांगू लागले, आणि ते कोणाचे आहे हे सांगण्याचे धैर्य मला बराच काळ झाले नाही.

निघताना त्यांनी माझ्या हातातली शिट्टी घेतली, "बगू तरी" म्हणाल्या आणि अशी जोरात वाजवली की दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री भुंकू लागली. वाड्यातल्या बाया पोट धरून हसल्या. मीही हसले. आपण स्वतः आजवर शिट्टी कधी वाजवलेली नाही, ही गोष्ट मला तेव्हा प्रथम जाणवली.

आता मूळ गोष्टीकडे येते.

त्याच गावात माणिकराव नावाचे एक जमीनदार शेतकरी होते. घर जुने, माळवदाचे. जाड मातीच्या भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यांवर दोन हात जाडीची माती. भूकंपात त्यांच्या मधल्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, तो शेणामातीने लिंपून घेतलेला होता. गावातल्या बायकांची सभा त्यांच्याच अंगणात भरली. त्यांची सून सुमित्रा बावीस-तेवीस वर्षांची, सातवी शिकलेली. माझ्या सर्व गावांत तिच्याएवढे मन लावून ऐकणारे कोणी नव्हते. तिने पिशवीला खण शिवले होते, प्रत्येक वस्तूला वेगळा. चप्पल तिने न हसता ठेवली.

माणिकराव ओसरीवर पान जुळवत बसले होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती, पण कान इकडेच होते हे सर्वांना ठाऊक होते. मी शिट्टी वर धरली तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी म्हणाली, "बाई, ही तमाशात वाजवायची चीज हाय. लेकीसुनांनी तोंडात घालावी व्हय?" दुसरी हलक्या आवाजात म्हणाली, "गयाबाईला द्या की. लय झ्याक वाजवती म्हनं." त्या बोलण्यातला टोमणा मला कळला. मी तो ऐकून न ऐकल्यासारखे केले.

सुमित्रेने मात्र विचारले, "बाई, ही वाजवायची कशी?"

ओसरीवर अडकित्त्याचा आवाज थांबला. मी शिट्टी ओठांपर्यंत नेली. समोर घरातले वडीलधारे माणूस बसलेले, भोवती पन्नास डोळे. मी ती खाली घेतली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला दाखवते."

पुढची खेप पौषात ठरली होती. त्या सुमारास विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली. जिल्ह्यात तणाव होता, बंदोबस्त होता, काही दिवस बस धडपणे चालत नव्हत्या. दौरा रद्द करावा लागला, असे मी अहवालात लिहिले, आणि ते खरेच होते. पण बस सुरू झाल्यावरही मी त्या गावाला आधी जाण्याऐवजी शेवटी ठेवले, हे अहवालात नाही. ती सभा टळल्याचे मला बरे वाटले होते. ‘शिट्टीचे प्रात्यक्षिक’ या रकान्यात मी आधीच ‘झाले’ अशी खूण केलेली होती.

माघात तीन दिवस अवकाळी पाऊस झाला. माळवदाची माती पाणी पिऊन जड झाली. चौथ्या दिवशी ऊन पडले, आणि दुपारी दोनच्या सुमारास माणिकरावांच्या घराची तडा गेलेली भिंत बसली. तिच्यामागोमाग छत आले. जमीन त्या दिवशी तसूभरही हलली नव्हती.

पुढचे मी गयाबाईंच्या तोंडून ऐकले, आणि नंतर सुमित्रेकडून.

सासू शेजारी गेली होती. तिने जाताना सुनेला स्वयंपाकघरात पाहिले होते, म्हणून सगळ्यांनी त्या बाजूने उकरायला सुरुवात केली. गावातले पंचवीस-तीस गडी, टोपली, फावडी. माणिकराव अंगणात उभे राहून एकेक तुळई कशी उचलायची ते सांगत होते. दोन तास गेले, तीन गेले. स्वयंपाकघराची चूल मोकळी झाली. तिथे कोणी नव्हते. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मागच्या दाराने शेताकडे गेली असेल, असेही एक जण म्हणाला.

गयाबाई रानातून परतल्या आणि थेट तिथे आल्या. गडी बायकांना मागे सारत होते. त्या पुढे गेल्या आणि ढिगाऱ्यातून वर राहिलेल्या पुढच्या दाराच्या चौकटीकडे पाहत म्हणाल्या, "तिची पिशवी कुठाय?"

कोणाला प्रश्न कळला नाही.

"खुंटी रिकामी हाय," गयाबाई म्हणाल्या. "पिशवी तिनं घेतली. म्हंजी ती दाराशीच हाय. हितं उकरा."

माणिकराव जिथे उभे होते तिथून ती जागा दोन पावलांवर होती.

दिवेलागणीला सुमित्रा सापडली. चौकटीला लागून तुळई आडवी पडली होती, तिच्या आडोशाला ती बसल्या जागी दबली होती. जिवंत होती, शुद्धीवर होती. पिशवी मांडीवर, त्यातले पाणी तिने प्यायलेले, बॅटरी जळत होती. उजवा हात मनगटापासून तुळईखाली होता. डाव्या मुठीत शिट्टी होती.

ती बळदातून ज्वारी काढायला मधल्या खोलीत गेली होती. वरून माती गळू लागताच ती दाराकडे धावली आणि शिकवल्याप्रमाणे खुंटीवरची पिशवी काढायला थांबली. ती थांबली नसती तर बाहेर पडली असती काय? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. पिशवीने तिला अडवले आणि पिशवीनेच तिला शोधून दिले; याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. एवढेच केले, की त्यानंतर खुंटी दाराच्या बाहेरच्या अंगाला ठोकायला सांगू लागले.

मला खबर दुसऱ्या दिवशी परभणीत मिळाली. दवाखान्यात पोहोचले तेव्हा तिचा हात मनगटाच्या वर कापून झालेला होता. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. फार उशीर झाला, ते म्हणाले. दोन तास आधी आणली असती तर प्रयत्न करता आला असता.

मी खाटेजवळ बसले. सुमित्रेचा चेहरा धुतलेला होता, पण भुवयांत अजून माती होती. तिच्याशी काय बोलावे ते मी वाटेत दहा वेळा जुळवले होते. मी फक्त विचारले, की शिट्टी हातात होती ना?

"व्हती."

"मग?"

तिने दाराकडे पाहिले. बाहेर कोण बसले आहे हे तिला ठाऊक होते. ती आवाज उतरवून म्हणाली, "मामंजींचा आवाज यायलता. अगदी जवळ. समदे गडी भायेर. कसं वाजवावं, बाई?"

मी तिचे पांघरूण सारखे केले. तेव्हा ती म्हणाली, "फुंकली की मी. तीनदा फुंकली. पर हळूच. मामंजी ऐकतील म्हनून."

जिथे ऐकू जावे म्हणून ती वस्तू दिली होती तिथे ती ऐकू जाऊ नये म्हणून हळू फुंकली गेली होती. आणि हे सांगताना तिच्या स्वरात तक्रार नव्हती, काही वेडेपणा केल्याची खंतही नव्हती. तिने मर्यादा पाळली होती. मी म्हणाले, अगं, जिवावरचा प्रसंग होता. अशा वेळी कोण काय म्हणणार होते? त्यावर ती सहज म्हणाली, दोष म्हणून नव्हे, जशी एखादी आठवण सांगावी तशी,

"तुमी बी कुठं वाजवली, बाई?"

मी उठून बाहेर आले.

व्हरांड्यातल्या बाकावर माणिकराव बसले होते. धोतरावरची माती त्यांनी झटकलेली नव्हती. मला पाहून ते उठून उभे राहिले. त्यांनी उठावे असे माझे काही नव्हते. सुनेचे बोलणे त्यांनी ऐकले होते की आदल्या दिवशीच कोणी सांगितले होते, मला माहीत नाही. ते म्हणाले, "बाई, तसली शिट्टी हाय का तुमच्यापाशी?"

माझ्या पर्समध्ये नमुन्याची शिट्टी नेहमी असे.

"वाजवून दावा."

मी म्हटले, हा दवाखाना आहे. रोगी आहेत.

"हितंच दावा. मी तितं उभा ऱ्हातो." ते दोन पावले पलीकडे गेले, म्हणजे अंगणात ते जेवढ्या अंतरावर उभे होते तेवढे, आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

व्हरांड्यात नातेवाईक डबे उघडून बसले होते, एक वॉर्डबॉय स्ट्रेचर पुसत होता. त्रेचाळीस वर्षांत मी जे केले नव्हते ते तिथे करायचे होते. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा मी डोळे मिटून फुंकले. त्या लांबट व्हरांड्यात आवाज असा घुमला, की डबे खाणारे हात थांबले, आतून नर्स धावत आली आणि हे काय चालवले आहे म्हणून माझ्यावर कडाडली. तिचे बरोबर होते.

माणिकराव वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "आलं असतं ऐकू."

एवढे बोलून ते बाकावर जाऊन बसले. पुढे त्यांचे-माझे या विषयावर बोलणे झाले नाही. महिन्याभराने त्यांच्या अंगणात पुन्हा सभा झाली. तेव्हा ओसरीवर कोणी बसलेले नव्हते. ते मुद्दाम शेतात गेले आहेत, असे सासूबाईंनी सांगितले. त्या दिवशी शिट्टी कशी वाजवायची हे मी शिकवले नाही. मी गयाबाईंना बौद्धवाड्यातून बोलावून आणले होते, त्यांनी शिकवले. काही जणी उठून गेल्या. ज्या राहिल्या त्यांत सुमित्रा होती. तिने डाव्या हातात शिट्टी धरली आणि वाजवली.

ती योजना दोन वर्षांनी गुंडाळली गेली. मला दुसऱ्या खात्यात घेतले आणि तिथूनच मी निवृत्त झाले. सुमित्रेला डाव्या हाताने भाकरी थापता येते, असे मला कळले आहे. सदर लेखात मी तिला ‘सुमित्रा’ म्हटले आहे. ते तिचे नाव नव्हे. अहवालातली ती ‘झाले’ची खूण मी खोडली नाही. ती कुठल्यातरी कपाटात अजून तशीच असेल.

माझ्या घरी दारापाशी पिशवी आहे. आपल्या घरीही कदाचित असेल. नसेल तर भरून ठेवावी, नऊ वस्तू वर सांगितल्या आहेतच. आठ वस्तूंविषयी मला काही विचारायचे नाही. नवव्या वस्तूविषयी मात्र एक विचारते : आपल्या घरातल्या सुनेने आपल्यासमोर कधी शिट्टी वाजवली आहे काय?